जोसन कोरिया: पैशाला हात न लावणारे सरदार आणि त्यांचा पैसा

हिशेबनीस (धागाकर्ता)

कोरियन मालिकांच्या धाग्यावर साळुंकीताईंनी विचारलं होतं: काळ्या जाळीदार टोप्या घालून ते लोक दिवसभर कविता करतात, दारू पितात आणि एकमेकांविरुद्ध कट रचतात, मग यांची चूल पेटते कशावर? तिथे उत्तर लिहिलं असतं तर नायकाच्या डोळ्यांवरची चर्चा मागे पडली असती आणि ते पाप मला डोक्यावर घ्यायचं नव्हतं. म्हणून वेगळा धागा.

काळ जोसन घराण्याचा. १३९२ मध्ये यी सोंग-ग्ये या सेनापतीने कोर्यो राज्य उलथवलं, राजधानी केसोंगहून हानयांगला (आजचं सोल) हलवली आणि बौद्ध मठांना बाजूला सारून कन्फ्यूशियसच्या शिकवणीवर राज्य उभारायला घेतलं. पुढे पाचशे वर्षं तेच घराणं गादीवर होतं.

सगळ्यात वरचा थर यांगबान. दरबारात मुलकी अधिकारी पूर्वेला आणि लष्करी पश्चिमेला उभे राहत, त्या दोन रांगांतली ही घराणी. ग्वागो ही सरकारी परीक्षा कागदोपत्री सामान्य शेतकऱ्याच्या मुलालाही खुली होती. पण नियमित परीक्षा तीन वर्षांतून एकदा आणि मुलकी शाखेत शेवटी निवडले जाणार ३३ जण. त्यासाठी चिनी ग्रंथ पाठ करण्यात उमेदीची वर्षं घालवायची, तर घरचा नांगर दुसऱ्या कुणीतरी धरायला हवा.

तो दुसरा म्हणजे नोबी. विकता येणारा, वारसाहक्काने वाटून देता येणारा, लेकीच्या लग्नात देता येणारा माणूस. पंधराव्या ते सतराव्या शतकात लोकसंख्येचा जवळजवळ तिसरा हिस्सा नोबी होता, असा बऱ्याच इतिहासकारांचा अंदाज आहे. काही मालकाच्या वाड्यात राबत, काही दूरच्या गावी स्वतःचा संसार करून मालकाला वर्षाचं देणं पोचवत. काहींकडे स्वतःची जमीन असे, क्वचित स्वतःचे नोबीही. हजार वॉनच्या नोटेवर ज्यांचं चित्र आहे ते थोर तत्त्वज्ञ यी ह्वांग (तोएग्ये) घ्या. त्यांच्या नातवंडांच्या वाटणीपत्रात साडेतीनशेच्या वर नोबींची नावं आहेत.

या दोहोंच्या मध्ये चुंगिन, म्हणजे दुभाषे, वैद्य, ज्योतिषी, कायद्याचे कारकून. आणि सांगमिन, म्हणजे कर भरणारी, लष्करी सेवेऐवजी कराचं कापड देणारी कुणबी जनता. यांगबानांना ते कापड माफ.

सामाजिक उतरंड विद्वान, शेतकरी, कारागीर, व्यापारी अशी. व्यापारी तळाला, कारण तो काही पिकवत नाही आणि घडवतही नाही. अठराव्या शतकातल्या पाक जी-वॉनने 'यांगबानची गोष्ट' लिहून याची यथेच्छ टर उडवली आहे. त्यात यांगबानाने पाळायच्या नियमांची यादीच येते: पैशाला हात लावू नये, तांदळाचा भाव विचारू नये, कितीही उकडलं तरी पायातले मोजे काढू नयेत.

आता माझा मुद्दा. ही घृणा हाताची होती, पैशाची नव्हती. भाव विचारायचा नसेल तर नोबी पाठवावा, तो विचारून येतो. सतराव्या शतकाआधी प्रत्येक जिल्ह्याने दरबाराला ठरलेला जिन्नस पाठवायचा असे: मध, कागद, मासे, कातडी, औषधी मुळ्या. जिल्ह्यात तो जिन्नस पिकतो की नाही याची फिकीर यादी करणाऱ्याला नसे. मग मधले दलाल माल पुरवायचे आणि गावाकडून अव्वाच्या सव्वा वसूल करायचे. त्या दलालांच्या मागे कोण उभं असायचं? मोठ्या घरांचे कारभारी आणि नोबी.

यावर उपाय म्हणून तेदोंग कायदा आला. जिन्नस बंद, त्याऐवजी जमिनीच्या प्रमाणात तांदूळ द्या, सरकार लागेल तो माल बाजारातून घेईल. १६०८ मध्ये राजधानीभोवतीच्या ग्योंगगी प्रांतात सुरुवात झाली आणि ह्वांगहेपर्यंत पोचायला १७०८ उजाडलं. शंभर वर्षं! कर घरावरून उठून जमिनीवर आला, आणि जमीन कुणाकडे होती हे सांगायला नको. किम युक नावाचा मंत्री आयुष्यभर या एका कायद्यामागे लागला आणि १६५८ मध्ये तो वारला तेव्हाही काम अर्धवटच होतं.

पण कायदा आला आणि सरकारच सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बनलं. त्याला माल पुरवणारे कोंगिन नावाचे परवानाधारक व्यापारी तयार झाले. १६७८ पासून 'सांगप्योंग थोंगबो' ही मधे चौकोनी भोक असलेली नाणी नेमाने पाडली जाऊ लागली. तोवर तांदूळ आणि सुती कापड हेच चलन.

मग या पैशाने यांगबानांचा डोलारा मोडला, की पोसला? मला वाटतं पोसला. लोकांच्या हाती पैसा आला आणि त्यांनी विकत घेतली ती यांगबानगिरीच. मतं येऊ द्या.

साळुंकी

अरे वा, माझ्या एका ओळीच्या प्रश्नावर एवढं! धन्यवाद. ती टोपी घोड्याच्या केसांची असते हे मला परवाच कळलं.

एक शंका: मालिकांमध्ये बायकांना वारसा नाहीच, सगळं थोरल्या मुलाला. हे पहिल्यापासून असंच का?

उंबरठा

वाचतोय. पण हे सरळ सरळ वर्णव्यवस्थेसारखंच झालं ना? चार थर, सगळ्यात खाली अस्पृश्य. नावं तेवढी वेगळी.

हिशेबनीस

@साळुंकी, पहिल्यापासून नाही. १४८५ च्या कायदेसंहितेत मुलगा-मुलगी समान वाटा होता. यी आय (युलगोक) या दुसऱ्या मोठ्या तत्त्वज्ञाच्या घरची १५६६ ची वाटणी आजही उपलब्ध आहे. सात भावंडांत जमीन आणि नोबी जवळपास सारखे वाटलेत, बहिणींसकट. पितरांचे विधीही पाळीपाळीने. सतराव्या शतकात चित्र पालटलं. वाटण्या होऊन होऊन जमिनीचे तुकडे पडले, कन्फ्यूशियन वंशविधी घट्ट झाले, आणि विधी करणारा थोरला मुलगा मालमत्तेचाही धनी झाला. म्हणजे मालिकेत तुम्ही बघता ती 'परंपरा' जोसनच्या उत्तरार्धातली.

@उंबरठा, मोह होतो पण जरा थांबा. एक, नोबी परका नव्हता, त्याच भाषेचा, त्याच गावचा. दोन, त्याचा दर्जा सोवळ्याओवळ्यावर नव्हे तर मालकीवर ठरायचा, आणि ती मालकी आईकडून येते की बापाकडून यावर दरबारात पिढ्यान् पिढ्या भांडणं झाली. शेवटी १७३१ मध्ये आईचा दर्जा तो मुलाचा असं ठरलं. आई सांगमिन, बाप नोबी, तर मूल मोकळं. हे दयेपोटी झालं असं कुणी समजू नये. नोबी कर देत नसे, लष्करी कापड देत नसे, आणि खजिन्याला कर देणारी माणसं हवी होती. मालकवर्ग अर्थातच उलट बाजूने ओढत होता.

विटाळाच्या जवळ जाणारा गट म्हणजे पेकजोंग: खाटीक, चामड्याचं आणि वेतकाम करणारे. त्यांच्या वस्त्या वेगळ्या, कपड्यांवर बंधनं, मुलांनीही त्यांना तुच्छतेने बोलायचं. १८९४ ला कायद्याने सगळे सुटले पण व्यवहारात नाही. १९२३ मध्ये जिंजू शहरात त्यांनी 'ह्योंगप्योंगसा' ही समतेची संघटना काढली.

उंबरठा

१९२३? म्हणजे महाडच्या चार वर्षं आधी. हे शाळेत कुणी सांगितलं नाही. ठीक आहे, माझं वाक्य थोडं सैल करतो पण मागे घेत नाही. :)

नांगरट

शहरी लोकं दरबारावर बोलतायत, मी जरा शेतावर बोलतो.

हिशेबनीस, तुम्ही सगळं श्रेय कायद्याला आणि नाण्याला दिलं. त्याआधी भाताचं बघा. जोसनच्या सुरुवातीला भात बहुतेक थेट पेरायचे. रोप तयार करून लावणी करायची पद्धत दक्षिणेत होती, पण सरकार तिला नाकं मुरडायचं, कारण लावणीच्या वेळी पाऊस दडी मारून बसला तर सगळंच जातं. सतराव्या-अठराव्या शतकात शेतकऱ्यांनी सरकारचं न ऐकता लावणी पसरवली. तळी-बंधारे बांधले. फायदा काय? खुरपणी निम्म्याहून कमी झाली. आणि रोपं वाफ्यात वाढेपर्यंत मुख्य शेत मोकळं राहतं, त्यात हिवाळी बार्ली निघते. भाताचा निम्मा वाटा मालकाचा, पण बार्लीला बहुधा मालक हात लावत नसे. म्हणजे कुळाच्या हातात पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी राहिलं.

खुरपणी वाचली म्हणजे एकच माणूस जास्त जमीन कसू शकतो. जो कसू शकला तो वर गेला, कापूस-तंबाखू-जिनसेंग (औषधी मुळी) लावून बाजारात गेला. तंबाखू सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आली आणि शंभर वर्षांत सगळा देश चिलीम ओढायला लागला. आणि ज्याची कुळवाटाची जमीन दुसऱ्याने नेली तो गाव सोडून मजुरीला लागला. ही दुसरी बाजू कुणी सांगत नाही.

बाजाराचं पण असंच. पंधराव्या शतकाच्या शेवटी जोल्ला प्रांतात दुष्काळात लोकांनी आपणहून बाजार भरवायला सुरुवात केली. दरबारात ओरड झाली की शेतकरी शेती सोडतील, चोर माजतील, बंद करा. झालं नाही बंद. अठराव्या शतकात देशभर हजाराच्या वर बाजार होते, दर पाच दिवसांनी भरणारे. एका गावचा १ आणि ६ तारखेला, शेजारच्याचा २ आणि ७ ला. आमच्याकडं जसा सोमवारचा एका गावचा, मंगळवारचा दुसऱ्याचा आणि तोच बांगडीवाला दोन्हीकडं, तसं.

पाटीवरचा_खडू

चांगला धागा. पण 'यांगबानगिरी विकत घेतली' हे वाक्य सगळे टाळ्या वाजवून पुढे नेतील, म्हणून त्यामागचा पुरावा नीट मांडू या.

हा सगळा युक्तिवाद मुख्यतः एका अभ्यासावर उभा आहे. शिकाता हिरोशी या जपानी अभ्यासकाने देगू भागातल्या सरकारी घरनोंदी तपासल्या. १६९० मध्ये यांगबान घरं ९.२ टक्के, १८५८ मध्ये ७०.३ टक्के. नोबी घरं ३७.१ वरून १.५ टक्क्यांवर. आकडे बघून माणूस थक्क होतो: दहातली सात घरं सरदार!

पण नोंदीत हे लोक यांगबान ठरले कशावरून? बहुतेकांच्या नावापुढे 'युहाक', म्हणजे पदावर नसलेला विद्यार्थी, असं बिरुद होतं. ते बिरुद लावलं की लष्करी कापडातून सुटका. मग कारकुनाच्या हातावर काही ठेवून, बनावट वंशावळ दाखवून ते लावून घेतलं जायचं. याने सरकारी वहीत यांगबान झालात. गावात? आंदोंगच्या हाहवेमध्ये रयू घराण्याने किंवा ग्योंगजूजवळच्या यांगदोंगमध्ये सोन आणि यी घराण्यांनी या 'युहाकां'ना पंगतीला घेतलं असेल? मुळीच नाही. तिथे विचारायचे: तुमच्या पूर्वजांत मोठा विद्वान कोण? कोणत्या सोवनमध्ये (खाजगी विद्यापीठ, जिथे पूर्वसूरींची पूजाही होई) तुमचं नाव आहे? सोयरीक कुठे?

म्हणजे पैशाने करमाफी मिळाली, प्रतिष्ठा नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि धागाकर्त्याने त्या एकाच पिशवीत घातल्या आहेत.

हिशेबनीस

@पाटीवरचा_खडू, पिशवी एकच आहे कारण दुकानदार एकच होता: खुद्द सरकार. १५९२ मध्ये जपानच्या हिदेयोशीच्या फौजा उतरल्या आणि खजिना रिकामा झाला, तेव्हा धान्य द्या आणि पद घ्या अशी विक्री राजरोस सुरू झाली. नावाची जागा कोरी सोडलेली नेमणूकपत्रं अधिकारी बरोबर घेऊन हिंडायचे, पैसे आले की नाव भरायचं. युद्ध संपलं पण दुष्काळ पडला की ती पत्रं परत बाहेर यायची. दर्जाचं मोल राखायचं काम ज्याचं, तोच त्याची किरकोळ विक्री करत होता.

हाहवेच्या पंगतीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण पंगत एवढी कडक का झाली? नकली वाढले म्हणून. वंशावळी छापायचं पेव फुटलं, घराण्यांची गावं एकजिनसी झाली, सोवनं शेकड्यांनी उगवली. पहिलं सोवन १५४३ चं. १८७१ मध्ये तेवॉनगुनने (राजाचा बाप, कारभार त्याच्याच हाती) फक्त ४७ ठेवून बाकी सगळी बंद केली, तेव्हा यांगबानांनी राजवाड्यासमोर येऊन आक्रोश केला. पैशाने उतरंड मोडली असती तर वरच्यांना एवढी कुंपणं घालावी लागली नसती आणि खालच्यांनी शिडीसाठी पैसे मोजले नसते.

पाटीवरचा_खडू

कुंपणाचा मुद्दा चांगला आहे. विचार करतो. पण 'पोसला' हा शब्द मला अजूनही पटत नाही. नोबी ३७ वरून दीड टक्क्यावर आले ही उतरंड पोसल्याची खूण कशी? बरेचसे पळून गेले, मजुरीवर जगता येतं हे कळलं म्हणून पळाले. पळालेला नोबी पकडायला माणसं ठेवण्यापेक्षा हंगामाला मजूर ठेवणं स्वस्त पडू लागलं. १८०१ मध्ये सरकारने स्वतःच्या मालकीचे ६६ हजारांहून जास्त नोबी मोकळे केले आणि त्यांच्या नोंदवह्या जाळल्या. हे बाजाराशिवाय झालं असतं?

हिशेबनीस

नसतं झालं. तळाबद्दल तुमचं बरोबर, शिखराबद्दल माझं. इथे तह करू या का?

पाटीवरचा_खडू

तूर्तास शस्त्रसंधी. तह नाही.

गोदाकाठ

केसोंगवर कुणीच बोललं नाही, आश्चर्य आहे. ही जुन्या राज्याची राजधानी. नवं घराणं आलं तेव्हा इथल्या मोठ्या घरांना नव्या दरबारात फारशी जागा नव्हती. शिकलेली, हिशेबात हुशार माणसं आणि नोकरीचं दार बंद. मग ती व्यापारात उतरली. व्यापाराचा कमीपणा वाटायला वर बघायला हवं, आणि वर जायचंच नाही म्हटल्यावर कसला कमीपणा!

या केसोंगवाल्यांनी देशभर आपली ठाणी केली, तरुण पोरांना दुसऱ्याच्या पेढीवर उमेदवारी करायला लावलं आणि स्वतःची दुहेरी नोंदीची हिशेबपद्धत बसवली. जिनसेंग रानात दुर्मीळ झाला तेव्हा त्याची लागवड आणि वाफवून वाळवलेला लाल जिनसेंग यांत त्यांनीच पैसा घातला. तो माल उइजूचे व्यापारी यालू नदीपलीकडे चीनला नेत आणि दोंगनेचे व्यापारी बुसानजवळच्या जपानी वखारीत. सतराव्या शतकात जपानची चांदी येते, चीनचं रेशीम जाते आणि मधे कोरियन दुभाषे दोन्हीकडून हात ओले करतात असा मस्त त्रिकोण होता. पुढे जपानी लोक नागासाकीत चिन्यांकडून थेट रेशीम घ्यायला लागले आणि तो आटला.

दुभाषे म्हणजे तुमचे ते चुंगिन. बीजिंगच्या शिष्टमंडळाबरोबर जाताना खर्चापोटी प्रत्येकाला ८० गन (एक गन सुमारे ६०० ग्रॅम) जिनसेंग न्यायची मुभा असे. पगाराऐवजी व्यापाराची परवानगी! सोलमधल्या सर्वांत श्रीमंत घरांत दुभाष्यांची घरं होती, आणि तरीही मुलकी मंत्रिपद त्यांना कधीच मिळणार नव्हतं.

दुपारची_झोप

सगळं ठीक, पण निष्कर्ष सोपा आहे. कन्फ्यूशियसने कोरियाचं वाटोळं केलं. व्यापाऱ्याला तळाला टाकलं, देश मागे राहिला. पुढे कोण काय करणार.

(अवांतर: अयोध्येची राजकन्या कोरियाची राणी झाली होती म्हणे. त्यावर कोणी लिहील का?)

हिशेबनीस

राजकन्येसाठी वेगळा धागा काढा, मी तिकडे येणार नाही.

कन्फ्यूशियसबद्दल: व्यापाऱ्यांची मक्तेदारी मोडणारा राजा जोंगजो आणि त्याचा मंत्री छे जे-गोंग हे दोघेही कट्टर कन्फ्यूशियनच होते. सोलमध्ये जोंगनो रस्त्यावर सरकारने पंधराव्या शतकात दुकानांच्या लांबच लांब ओळी बांधल्या. तिथले परवानाधारक दुकानदार दरबाराला माल पुरवायचे, बदल्यात त्या त्या जिनसेची मक्तेदारी. रेशीम, सुती, रॅमीचं (एका झाडाच्या धाग्याचं) कापड, कागद, मासे असे सहा मोठे. परवाना नसलेल्याला पकडायचा, त्याचा माल जप्त करायचा अधिकार या दुकानदारांना होता. मग डोक्यावर भाजीची पाटी घेऊन आलेल्या बाईलाही त्यांची माणसं अडवायला लागली. गंमत अशी की बिनपरवाना विक्रेत्यांत तुटपुंज्या पगाराचे शिपाई होते आणि बड्या घरांचे नोबीही होते, म्हणजे पुन्हा मालकाच्या हाताला धूळ नाही. १७९१ मध्ये छे जे-गोंगच्या सांगण्यावरून जोंगजोने सहा मोठी दुकानं सोडून बाकी सगळ्यांचा हा अधिकार काढून घेतला.

आणि पाक जे-गा? त्याने १७७८ मध्ये चीन पाहून आल्यावर लिहिलं की संपत्ती विहिरीसारखी असते, उपसली तर भरते, वापरली नाही तर आटते. रस्ते करा, गाड्या करा, जहाजं करा. १७८६ मध्ये तर राजाला सुचवलं की रिकाम्या बसलेल्या यांगबानांना व्यापाराला लावा. तो रखेलीच्या पोटचा मुलगा, त्यामुळे वरची दारं जन्मतःच बंद. जोंगजोने त्याला राजग्रंथालयात नोकरी दिली, पण त्याचा सल्ला मात्र मानला नाही.

दुपारची_झोप

मग सल्ला मानला नाही हेच तर मी म्हणतोय.

नांगरट

मानला असता तरी रस्ते कुठं होते? डोंगरच डोंगर. माल पाठीवरच्या लाकडी चौकटीवर नाहीतर घोड्यावर, नाहीतर नदीतून होडीनं. फेरीवाल्यांची अख्खी जमात त्यावर जगायची.

मीठभाकर

किम मानदोकचं नाव अजून नाही? साळुंकीताई, हे खास तुमच्यासाठी.

जेजू बेटावर १७३९ मध्ये जन्मली. लहानपणी आईबाप गेले, गिसेंग म्हणून (सरकारी नोंदीतली कलावंतीण, दर्जा तळाचा) वाढली. मोठी झाल्यावर अधिकाऱ्यांच्या मागे लागून नोंदीतून नाव काढून घेतलं आणि व्यापारात उतरली. मुख्य भूमीवरचा तांदूळ बेटावर आणायचा, बेटावरचा माल तिकडे पाठवायचा. घोड्याचे केसही जेजूचेच, म्हणजे त्या टोप्या आणि डोक्याच्या पट्ट्या तिथल्या घोड्यांवर चालायच्या.

१७९० च्या दशकात वादळं आणि दुष्काळ. सरकारने पाठवलेल्या धान्याची जहाजं बुडाली. मानदोकने स्वतःच्या पैशाने धान्य आणवून लोकांना वाटलं. राजा जोंगजोने विचारलं, काय हवं? तिने दर्जा मागितला नाही, जमीन नाही. म्हणाली, राजधानी बघायची आहे आणि गमगांग पर्वत बघायचा आहे. आता पंचाईत अशी की जेजूच्या बायकांना बेट सोडायलाच बंदी होती, आणि साधी बाई राजाला भेटू शकत नाही. मग तिला राजवाड्यातल्या वैद्य-स्त्रियांची मानाची प्रमुख नेमलं, म्हणजे भेटीची सोय झाली. १७९६ मध्ये ती सोलला आली, पुढच्या वर्षी पर्वत पाहिला आणि परत जेजूला जाऊन धंद्याला लागली. वर हिशेबनीस ज्याच्याबद्दल लिहितायत त्याच छे जे-गोंगने तिचं चरित्र लिहिलं.

हिशेबनीस, तुमच्या 'सगळ्यांनी यांगबानगिरी विकत घेतली' याला ही एक घरचीच साक्षीदार विरुद्ध जाते.

साळुंकी

मीठभाकर, हे भारीच! पर्वत बघायचा होता. बास.

हिशेबनीस

विरुद्ध जाते खरी. पण बाईला विकत घेण्याजोगं पददेखील नव्हतं, हेही लक्षात घ्या. उलट उदाहरण उइजूचा इम सांग-ओक (१७७९ ते १८५५). जिनसेंगचा सर्वांत मोठा व्यापारी. बीजिंगच्या व्यापाऱ्यांनी संगनमत करून भाव पाडला तेव्हा याने त्यांच्यासमोर जिनसेंग जाळायला घेतला आणि ते धावत आले, अशी कथा सांगतात. कथा खरी असो नसो, पैसा खरा होता. त्याला १८३० च्या दशकात क्वाकसानचं जिल्हाधिकारीपद मिळालं. पुढची बढती आली तेव्हा दरबारातून हरकत निघाली आणि त्याने पद सोडलं.

पाटीवरचा_खडू

म्हणजे शिडीच्या दुसऱ्या पायरीवरच ढकललं. माझाच मुद्दा.

पाक जी-वॉनचा उल्लेख झाला आहे तर त्याची हो-सेंगची गोष्टही इथे हवी. गरीब विद्वान बायकोच्या बोलण्याला कंटाळून पुस्तक मिटतो, सोलच्या एका धनिकाकडून दहा हजार न्यांग (तेव्हाचं चलन) उसने घेतो, आनसोंगच्या बाजारात जाऊन देशातली सगळी फळं दुप्पट भावाने उचलतो. श्राद्धविधी फळांशिवाय अडले, विकणारेच दसपट देऊन परत घ्यायला आले. मग जेजूला जाऊन घोड्याचे केस उचलतो. त्याला हसू येत नाही, उलट म्हणतो की दहा हजारांत हलणारा देश किती पोकळ! आणि १८३३ मध्ये हान नदीकाठच्या तांदूळ व्यापाऱ्यांनी खरोखर साठेबाजी करून भाव चढवला, तेव्हा सोलच्या गरिबांनी दुकानं पेटवली. गोष्टीत फळं होती, इथे पोटाचा तांदूळ.

नांगरट

आणि गावातलं काय? सत्तर टक्के यांगबान झाले म्हणता, मग लष्करी कापड कुणी भरलं? जिल्ह्याचा आकडा ठरलेला असायचा, तो कमी होत नाही. जे उरले त्यांच्यावर चढला. मेलेल्यांच्या नावानं वसुली, तान्ह्या पोरांच्या नावानं वसुली. जोंग याक-योंग (दासान) हा विद्वान कांगजिनला हद्दपारीत होता, त्यानं १८०३ ला ऐकलेली हकिगत कवितेत लिहून ठेवलीय. मेलेला बाप, स्वतः आणि नुकतं जन्मलेलं पोर, तिघांची नावं लष्करी यादीत. कापडासाठी बैल ओढून नेला. त्या माणसानं सुरी घेऊन स्वतःचं पुरुषत्व कापून टाकलं, की यानंच हे संकट आलं म्हणून. बायको ते घेऊन कचेरीच्या दारात रडत गेली, दारवानानं आत सोडलं नाही.

यांगबानगिरीची किंमत कुणी भरली ते हे. दुष्काळात मदत म्हणून सुरू झालेलं सरकारी धान्यकर्जही पुढं सक्तीचा कर झाला. १८६२ ला जिंजूत लोक उठले आणि त्याच वर्षी दक्षिणेत कितीतरी जिल्ह्यांत.

उंबरठा

हे वाचून गप्प बसलो होतो. एकच विचारतो: सगळे यांगबान असेच का? कुणी शहाणा नव्हता?

गोदाकाठ

ग्योंगजूच्या छ्वे घराण्याचं नाव घेतात. पिढ्यान् पिढ्या श्रीमंत राहिलेलं घर. त्यांचे घरगुती नियम सांगितले जातात: परीक्षेत जिन्सा या खालच्या पदवीच्या वर जायचं नाही (म्हणजे दरबारी राजकारणात पडायचंच नाही), दहा हजार सोकच्या (धान्याचं माप) वर उत्पन्न ठेवायचं नाही, दुष्काळाच्या वर्षी जमीन विकत घ्यायची नाही, शंभर रीच्या (सुमारे चाळीस किलोमीटर) आत कुणी उपाशी मरता कामा नये, नव्या सुनेने तीन वर्षं सुती नेसायचं. दुष्काळात जमीन न घेण्याचा नियम करावा लागतो, यावरून बाकीचे काय करत होते ते समजतं.

हिशेबनीस

नेमकं. उत्पन्नाला मर्यादा घातली की कुळाकडून कमी खंड घ्यावा लागतो, मग कुळंच त्यांच्यासाठी जमीन शोधत येतात. धर्म आणि हिशेब दोन्ही.

शेवटचा टप्पा थोडक्यात. १८७१ मध्ये तेवॉनगुनने लष्करी कापडाचा कर घरपट्टी करून यांगबानांवरही बसवला. १८८६ मध्ये वंशपरंपरेची गुलामी बंद, १८९४ च्या सुधारणांत दर्जाभेदच रद्द, ग्वागो परीक्षाही रद्द.

साळुंकी

आणि ते फेरीवाले? पाठीवर ओझं घेऊन हिंडणारे? मालिकेत त्यांची टोपी वेगळी असते, दोन कापसाचे गोळे लावलेली.

हिशेबनीस

बोबुसांग. काही जण गाठोड्यात दागिने-कापड असा किमती माल, काही पाठीच्या चौकटीवर मीठ-मासळी-भांडी. त्यांच्या संघटना फार शिस्तीच्या: आजारी पडलेल्याला सोडून जायचं नाही, वाटेत मेला तर बाकीच्यांनी अंत्यविधी करायचा, कुणी नियम मोडला तर फटके. उतरंडीत ते व्यापाऱ्यांतही तळाला, पण देशातली प्रत्येक वाट ठाऊक. सरकारने हे ओळखलं, त्यांना शिक्के-परवाने दिले आणि बदल्यात निरोप्या, हमाल, वेळ पडली तर शिपाई म्हणून वापरलं. १८९४ मध्ये दोंगहाक या नव्या पंथाचे शेतकरी यांगबानांच्या जाचाविरुद्ध उठले, तेव्हा सरकारच्या बाजूने बोबुसांग लढले. १८९८ मध्ये सोलमध्ये स्वातंत्र्य मंडळाचे लोक सभा भरवून राजाकडे संसदेसारखी सभा मागत होते, त्यांच्यावर लाठ्या घेऊन सोडले तेही हेच.

पाटीवरचा_खडू

तळातल्या व्यापाऱ्याने शिखर वाचवायला काठी उचलली. घ्या, 'पोसला'च्या बाजूने एक गुण तुम्हाला.

नांगरट

आणि त्या काठ्यांचा पगार पण बहुतेक शेतकऱ्याच्याच तांदळातनं.